गावाचा इतिहास लिहायला बसताना: बासनातल्या कागदापासून छापील पानापर्यंत

भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घराण्यात एक शकावली जपून ठेवलेली होती. शकावली म्हणजे घटनांची शकवार टाचणं. अमुक शके, अमुक महिना, अमुक तिथी आणि त्या दिवशी काय घडलं ते एकदोन ओळींत. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीची सगळी चर्चाच पालटली. तोवर बखरींच्या आधारानं शके १५४९, म्हणजे इ.स. १६२७, हे साल चालत आलं होतं. शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया असं होतं, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. पुढे महाराजांच्या काळातल्या परमानंद कवीचं ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावरला हस्तलिखितांत सापडलं, त्यातही हीच तिथी निघाली. राजस्थानात मिळालेल्या जन्मपत्रिकेनंही तिलाच दुजोरा दिला. महाराष्ट्र शासनानं ही तारीख स्वीकारायला २००१ साल उजाडलं, पण अभ्यासकांच्या लेखी पारडं कधीच झुकलं होतं.

ते कशामुळे झुकलं, हे नीट समजून घ्या, कारण गावाचा इतिहास लिहितानाही तुम्हाला हेच करायचं आहे. तीन पुरावे तीन ठिकाणचे. एक मावळातल्या देशमुखाच्या घरातला, एक तंजावरच्या ग्रंथालयातला, एक राजस्थानातला. एकानं दुसऱ्याचं बघून उतरवून घेतलं असेल, असं म्हणायला जागा नाही. उलट १६२७ सांगणाऱ्या बखरी संख्येनं जास्त असल्या तरी त्या उशिरा लिहिलेल्या, आणि एकीतलं दुसरीत उतरलेलं. दहा बखरींनी एकमेकींचं ऐकून तेच सांगितलं, तर तो पुरावा दहा नव्हे, एकच. पुरावे मोजायचे नसतात, तोलायचे असतात.

आणखी एक गोष्ट मला या प्रकरणात फार मोलाची वाटते. एवढ्या मोठ्या प्रश्नाचा निकाल लावणारा कागद राजवाड्यात किंवा सरकारी कचेरीत नव्हता. तो एका गावात, एका घरात होता. तसं एखादं बासन, म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं, तुमच्या गावातही असेल. ते सोडायचं कसं, वाचायचं कसं आणि त्यावरून लिहायचं काय, हे इथे क्रमानं सांगतो.

आधी प्रश्न ठरवा

‘आमच्या गावाचा इतिहास’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. एवढं मोठं नाव घेऊन दप्तरात गेलात, तर पहिल्याच दिवशी रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या, ढिगाऱ्यात बुडून जाल. प्रश्न छोटा हवा आणि त्याचं उत्तर कागदात मिळण्याची शक्यता हवी. गावची पाटीलकी दोन घरांत का विभागली? जुनं गावठाण सोडून लोक ओढ्याच्या अलीकडे कधी आले? बाजार कोणत्या वारी भरायचा आणि तो का मोडला? १८७६-७७च्या दुष्काळात गावातून किती घरं उठून गेली? असे चारपाच प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढचे सहा महिने त्यांतले दोनच हाती लागतील, बाकीचे बदलतील. बदलू द्या, पण वहीत प्रश्न असल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

घरातली बासनं

सुरुवात घरापासून करा. देव्हाऱ्यामागे, माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत, लाल कापडात गुंडाळलेले कागद असतात. घरची मंडळी म्हणतात, “काहीतरी मोडीत आहे, जमिनीचं असेल.” मोडी म्हणजे जुन्या मराठी कागदांची जलद लिहायची लिपी. कागद मागताना घाई करू नका. ज्यांच्या घरात वाटणीचा दावा चालू आहे, त्यांना तुमच्याबद्दल शंका येणारच, आणि ती रास्तही आहे. कागद घरी न्यायचे नाहीत. त्यांच्याच ओसरीवर बसून, त्यांच्यासमोर फोटो काढायचे आणि फोटोंची एक प्रत त्यांना द्यायची, एवढं आधीच सांगून टाका.

बासन सोडण्यापूर्वी बांधलेल्या अवस्थेतच त्याचा फोटो घ्या. मग कागद ज्या क्रमानं निघतील त्याच क्रमानं त्यांना नंबर द्या. हा क्रम म्हणजेच एक माहिती असते. सनद, तिच्यावरून झालेल्या तंट्याचा निवाडा आणि त्या निवाड्याची नक्कल एकत्र बांधलेली असेल, तर बांधणाऱ्यानं ती काही विचारानंच बांधलेली असते. नंबर वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, कागदावर नाही. घडी जुनी झालेली असली की तिथे कागद तुटतो. जोर करून सपाट करू नका, आणि चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. चिकटपट्टीचा डिंक दहापंधरा वर्षांत तपकिरी होतो आणि अक्षरं घेऊन निघतो. फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, पाठपोट दोन्ही बाजूंनी काढा. पाठीमागची बाजू लोक हमखास विसरतात, आणि पावती किंवा पोच नेमकी तिथेच असते.

मी पहिल्यांदा असं बासन सोडलं तेव्हा कागद उलगडताच बोटांना बारीक खर लागली. धूळ समजून मी ती झटकणार होतो. शेजारी बसलेल्या जाणत्या माणसानं हात धरला. ती वाळू होती. बोरूनं लिहून झाल्यावर शाई टिपायला टाकलेली. दोनशे वर्षांपूर्वी कुणी कारकुनानं चिमटीतून सोडलेली ती वाळू अक्षरांना अजून चिकटलेली होती, तिरक्या उन्हात चमकत होती. तेव्हापासून मी कागद झटकत नाही.

दप्तरात काय मिळतं

गावपातळीवर तलाठी आणि तहसील कार्यालयात सात-बारा आणि फेरफार असतात. इतिहासाच्या दृष्टीनं फेरफाराची नोंदवही सात-बारापेक्षा कितीतरी बोलकी. कोण वारलं, वारस कोण, कुणी कुणाला किती रुपयांना विकलं, गहाण केव्हा सुटलं, हे सगळं तीत सापडतं. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, जन्ममृत्यूच्या नोंदी असतात. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही पुस्तकं पुन्हा उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्या माणसांची एकदम गरज भासू लागली. तीच पुस्तकं साथीच्या रोगांचा इतिहासही सांगतात. १९१८च्या इन्फ्लुएंझाचे महिने काढून मृत्यूंच्या ओळी मोजा, पानंच्या पानं भरलेली दिसतील.

भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचे नकाशे आणि टिपणं मिळतात. मुंबई इलाख्यातल्या या मोजणीची सुरुवात १८३६ साली इंदापूर तालुक्यात झाली. आपल्या तालुक्यात ती कधी पोचली ते पाहा. जुन्या नकाशात आज नसलेल्या वाटा, बुजलेल्या विहिरी आणि शेतांची नावं असतात. शेतांची नावं तर जरूर उतरवून घ्या. ‘बाजारतळ’, ‘पांढरी’, ‘गढीचा माळ’ अशा नावांत पुष्कळ काही दडलेलं असतं. पांढरी म्हणजे वस्तीची जमीन आणि काळी म्हणजे पिकाची. आज जिथे ज्वारी उभी आहे त्या रानाला लोक पांढरी म्हणत असतील, तर तिथे कधीकाळी घरं होती.

त्याहून मागे जायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दप्तर म्हणतात. इथे कागद कापडी रुमालांत बांधलेले आहेत आणि बहुतेक मोडीत आहेत. घडणी, रोजकीर्द, प्रांत अजमास, चिटणिसी, शाहू दप्तर, इनाम कमिशन असे विभाग आहेत. गावाचा अभ्यास करणाऱ्यानं आधी आपलं गाव तेव्हा कोणत्या प्रांतात, कोणत्या तर्फेत किंवा परगण्यात मोडत होतं ते शोधावं. नुसतं गावाचं नाव सांगून रुमाल मिळत नाही. मुंबई, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही सरकारी दप्तरं आहेत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालापासून आहे. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. मराठवाड्यातल्या जुन्या कागदांत उर्दू आणि फार्सी भेटणार. गोव्यातल्या गावासाठी पणजीच्या दप्तराला पर्याय नाही आणि तिथे पोर्तुगीज जाणणारा सोबती हवा. तंजावरच्या सरस्वती महालातही मोडी कागदांचा मोठा साठा आहे.

ओळखपत्र, विषय सांगणारा अर्ज, पेन्सिल आणि कोरी वही घेऊन जा. पहिला दिवस फक्त याद्या बघण्यात गेला तरी वाईट वाटून घेऊ नका. तिथल्या जुन्या कर्मचाऱ्यांशी नम्रपणे बोला. कोणत्या रुमालात काय आहे ते यादीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

छापील साधनं आधी पाहून घ्या, म्हणजे दुसऱ्यानं केलेलं काम पुन्हा होणार नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८पासून छापलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड आणि गो. स. सरदेसायांच्या संपादनाखाली निघालेले पेशवे दप्तराचे ४५ भाग यांच्या सूचींत गावाचं नाव शोधा. इंग्रजी अमलातली जिल्हा गॅझेटियरंही पाहा, पण ती साहेबाच्या नजरेनं लिहिलेली आहेत हे विसरू नका.

मोडी

मोडी शिकायला रोज तासभर दिला तर तीनेक महिन्यांत अक्षरं ओळखू येतात. कागद वाचता येणं ही वेगळी गोष्ट, त्याला वर्ष लागतं. अडचण अक्षरांची नसते. शिरोरेघ आधी कागदभर ओढून मग तिच्याखाली लिहीत जायची पद्धत, त्यामुळे शब्द तुटत नाहीत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यात संक्षेप आले. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘रा॥’ म्हणजे राजश्री, ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात चांद्र महिन्यातला दिवस.

यावर माझा उपाय असा. एका हाताचे, म्हणजे एकाच कारकुनानं लिहिलेले, चारपाच कागद घ्या. ज्या शब्दांबद्दल खात्री आहे ते आधी लावा. मायना, गावाचं नाव, महिन्याचं नाव, शेवटचं ‘मोर्तब सूद’, म्हणजे अखेरचा शिक्का झाल्याची खूण. त्यांतली अक्षरं कापून त्या कारकुनाचा स्वतंत्र तक्ता करा. मग तक्ता हातात धरून अवघड ओळींकडे वळा. लिप्यंतर ओळीला ओळ ठेवून करा, मूळ लेखन सुधारू नका, न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं द्या. अर्थ वेगळ्या पानावर लिहा. लिप्यंतर करतानाच अर्थ लावायला गेलं की डोळ्यांना हवं तेच अक्षर दिसू लागतं, हा माझा रोजचा अनुभव आहे.

शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोश हाताशी ठेवा. १८३१ साली पहिल्यांदा छापलेल्या या कोशात मुलकी कारभाराचे आणि खेड्यापाड्यांतले कितीतरी शब्द आहेत, जे पुढच्या कोशांतून गळाले.

तारीख लावणं

इथे सर्वांत जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. उदाहरणाला सगळ्यांना ठाऊक असलेला दिवस घेऊ, पानिपतच्या लढाईचा. १४ जानेवारी १७६१, बुधवार. शकात तो दिवस आहे शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो असं आपण शाळेत शिकलो. १६८२ अधिक ७८ म्हणजे १७६०. वर्ष चुकलं! शक चैत्रात बदलतो आणि इसवी सन जानेवारीत. म्हणून चैत्रापासून डिसेंबर संपेपर्यंत ७८ आणि जानेवारी लागल्यापासून फाल्गुन अखेरपर्यंत ७९ मिळवायचे. माझ्या पहिल्याच लेखात मी ही चूक केली होती. कार्तिकातल्या पत्राला पौषात आलेलं उत्तर माझ्या हिशेबात पत्राच्या दहा महिने आधीच येऊन बसलं. लेख छापून झाल्यावर एका वाचकानं दाखवून दिलं. तेव्हापासून पौष, माघ आणि फाल्गुन दिसले की मी हात आखडता घेतो.

मराठी कागदांत शकापेक्षा सुहूर सन अधिक आढळतो आणि तो अरबी अंकशब्दांत लिहिलेला असतो. इहिदे म्हणजे १, इसन्ने २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सित ६, सबा ७, समान ८, तिसा ९. दहाचे शब्द अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. मया म्हणजे १००, मयातैन २००, अलफ १०००. एकं आधी आणि हजार शेवटी, अशा उलट्या क्रमानं वाचायचं. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, अर्थात ११६१. सुहूर सन मृगाला, पेरणीच्या तोंडावर, बदलतो. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवा. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. पानिपत जमलं.

गंमत अशी की वर्ष सौर असलं तरी त्याच्यासोबतचे महिने मुसलमानी चांद्र असतात. मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. पानिपतचा दिवस जमादिलाखरच्या सहाव्या चंद्राचा. असे महिने दरवर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतात, त्यामुळे जमादिलाखर म्हणजे अमुक ऋतू असं ठरवता येत नाही. त्यासाठी छापील जंत्री, म्हणजे निरनिराळ्या कालगणनांच्या तारखा शेजारी शेजारी देणारं कोष्टक, हवीच. एखाद्या दिवसाचा फरक चंद्रदर्शनामुळे पडू शकतो, तो मान्य करून चला.

महसुलाच्या कामात वापरल्या जाणाऱ्या आपल्याकडच्या फसली सनाचा आकडा सुहूरपेक्षा नऊनं जास्त. सुहूर ११६१ म्हणजे फसली ११७०. निजामाच्या राज्यात मात्र पुढे फसली वर्ष ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून, धरत. मराठवाड्यातले कागद बघताना हे लक्षात ठेवा. राज्याभिषेक शक १६७४ सालच्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीपासून मोजतात.

शकासोबत संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या त्या वर्षाचं, नाव असेल तर ते सोडू नका. ती फुकटात मिळालेली पडताळणी आहे. शकात १२ मिळवा, ६०नं भागा, उरेल ती बाकी म्हणजे प्रभव या पहिल्या संवत्सरापासून मोजलेला क्रमांक. शके १५९६ अधिक १२ म्हणजे १६०८. ६०नं भागून बाकी ४८. अठ्ठेचाळिसावं संवत्सर आनंद, आणि शिवराज्याभिषेक आनंदनाम संवत्सरातलाच. तुमच्या कागदातला शक आणि संवत्सर जुळत नसतील, तर लिहिणारा चुकला, नक्कल करणारा चुकला किंवा कागद मागाहून बनवलेला आहे. वाराचीही अशीच पडताळणी होते.

इंग्रजांच्या आणि पोर्तुगीजांच्या कागदांत आणखी एक फसवणूक आहे. पोर्तुगीजांनी नवी कालगणना सोळाव्या शतकातच घेतली, इंग्रजांनी सप्टेंबर १७५२मध्ये. म्हणून सतराव्या शतकातल्या एकाच दिवसाची गोव्याच्या कागदातली तारीख सुरतेच्या इंग्रजांपेक्षा दहा दिवस पुढे असते. शिवाय इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं. महाराजांनी जानेवारी १६६४मध्ये सुरत मारली, पण इंग्रजी कागदावर १६६३ दिसलं तर ती चूक समजू नका.

कागदाची उलटतपासणी

कागद जुना आहे म्हणून खरा, हे साफ चूक. प्रत्येक कागदाला विचारा: तुला कुणी लिहिलं, कुणासाठी, कधी, आणि तू खरा ठरलास तर फायदा कुणाचा?

समजा, तुमच्या हातात वतनाच्या तंट्यातला करीना आहे. करीना म्हणजे वादी किंवा प्रतिवादीनं आपल्या हक्काची पिढ्यान्‌पिढ्यांची हकिगत सांगून दिलेलं निवेदन. वाचायला फार रसाळ असतं. मूळपुरुष कुठून आला, कुणी कुणाला मारलं, कुणी गाव वसवलं, सगळं त्यात येतं. म्हणूनच गावचे इतिहास लिहिणारे त्याच्यावर तुटून पडतात. पण तो तंटा जिंकायला लिहिलेला आहे. वंशावळ लांबवलेली असणार, भाऊबंदांची शाखा गाळलेली असणार. त्याच तंट्यातला प्रतिपक्षाचा करीना मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवा. जिथे दोघांचंही एकमत आहे, ती गोष्ट बहुधा पक्की.

उलट महजर वेगळा असतो. गोतसभा बसायची, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे महाजन आणि बलुतेदार साक्ष द्यायचे आणि निवाड्याखाली आपापली निशाणी करायचे. एक महजर माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. खालच्या भागात पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा, अशा लहान लहान आकृत्या ओळीनं काढलेल्या होत्या. काही ठसठशीत, काही थरथरत्या हाताच्या. अख्खं गाव त्या वीतभर जागेत बसलेलं होतं. अशा कागदावर निशाण्या मोजा, कुणाची आहे आणि कुणाची असायला हवी होती पण नाही, तेही टिपा. न आलेला माणूस आजारी होता की नाराज होता, यातून पुढचा प्रश्न निघतो.

इनामाच्या सनदांबाबत विशेष सावध राहा. इंग्रजी अमलात १८५२च्या अकराव्या कायद्यानं इनाम कमिशनला इनामांची चौकशी करण्याचे अधिकार मिळाले. ज्याच्याकडे पुरावा नाही त्याची जमीन जाणार अशी धास्ती पसरली, आणि अशा वेळी पुरावे तयारही होतात. कागद उजेडासमोर धरून पाणछाप बघा. शिवकालीन म्हणवणाऱ्या पत्रात विलायती कागदाचा एकोणिसाव्या शतकातला छाप निघाला, तर प्रश्न तिथेच मिटला. मुद्रा कुठे आहे, मोर्तब कुठे आहे, मायना त्या काळचा आहे का, इंग्रजी अमलातले शब्द घुसलेत का, हेही पाहा. मात्र नक्कल म्हणजे बनावट नव्हे. खऱ्या सनदेची नक्कल असू शकते. नक्कल असेल तर ‘नक्कल’ असंच लिहा, एवढंच.

सरावासाठी ‘ध चा मा’ घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’चं ‘मारावे’ आनंदीबाईंनी केलं, ही गोष्ट प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. वहीत तीन रकाने आखा. खून झाला याला समकालीन पुरावा कोणता? कटात कोण होतं याला कोणता? आणि अक्षर बदललं, तेही अमुक व्यक्तीनं, याला कोणता? तिसऱ्या रकान्यासाठी तो कागद, त्यावरचं अक्षर किंवा तो कागद स्वतः पाहिलेल्याची साक्ष हवी. रकाने भरून बघा, म्हणजे घटना आणि घटनेभोवती वाढलेली गोष्ट यांतलं अंतर डोळ्यांना दिसेल. गावच्या दंतकथेलाही हीच पट्टी लावा.

कागदात नसलेली माणसं

सारा भरणारा, हक्क सांगणारा आणि तंटा करणारा कागदात येतो. मजूर, बायका, गावकुसाबाहेरची वस्ती क्वचितच येते, आणि आली तरी दुसऱ्याच्या तोंडून. नुसत्या दप्तरावरून लिहिलेला गावाचा इतिहास म्हणजे चार वाड्यांचा इतिहास. याबद्दल माझं मत ठाम आहे. सगळ्या आळ्यांत आणि वस्त्यांत बसल्याशिवाय पुस्तकाला गावाचं नाव देऊ नये.

म्हाताऱ्या माणसांशी बोलताना साल विचारू नका, त्यांना ते आठवत नाही. खूण विचारा. “७२च्या दुष्काळात तुम्ही केवढ्या होता?”, “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा हे घर होतं का?” १९६७चा भूकंप, १९७२चा दुष्काळ, गावात वीज आली ते वर्ष, अशा खुंट्यांना आठवणी टांगल्या की त्या जागेवर बसतात. मुलाखत ध्वनिमुद्रित करायची तर आधी विचारा, आणि त्यांनी ‘हे लिहू नको’ म्हटलेलं लिहू नका. जात्यावरच्या ओव्या जरूर उतरवा. माहेरच्या वाटा, सावकार, दुष्काळ, सासुरवास, सगळं बायकांनी त्यांत ठेवलेलं आहे.

वंशावळींसाठी त्र्यंबकेश्वर, पैठण, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहता येतात. यात्रेला गेलेल्या पूर्वजानं स्वतः सांगितलेली नावं तिथे असतात. कोल्हापूर-सांगलीकडे आणि सीमाभागात हेळवी लोक घराण्यांच्या पिढ्या सांगत गावोगाव येतात, त्यांची गाठ घ्या.

मग गाव पायी फिरा. वीरगळ, सतीशिळा, गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा दगड), मंदिराच्या उंबऱ्यावरची किंवा बारवेतली अक्षरं. शिलालेखाला खडू, चुना, हळद काहीही लावू नका. संध्याकाळी अंधार पडल्यावर एका बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटवून, बॅटरीचा उजेड टाका. दिवसा न दिसणारी अक्षरं सावलीनं उठून येतात. ऑइलपेंट फासलेले शिलालेख पाहिले की जीव तुटतो. जीर्णोद्धार सुरू होण्याआधी गावाला हे समजावून सांगणं, हेही संशोधकाचंच काम आहे.

टिपणं आणि लेखन

एका टिपणात एकच मुद्दा. वर साधनाचं पूर्ण नाव, रुमाल, कागदाचा नंबर, पाहिल्याची तारीख. कागदातले शब्द अवतरणात, आपले शब्द अवतरणाबाहेर. सहा महिन्यांनी हे वाक्य माझं की कागदाचं, असा प्रश्न पडता कामा नये. नंतर सगळी टिपणं तारखेप्रमाणे लावून आपली स्वतःची शकावली तयार करा. विसंगती तिथेच उघड्या पडतात.

लिहिताना मराठीनं आपल्याला एक छान सोय दिली आहे. ‘आहे’, ‘असावं’, ‘असं सांगतात’ आणि ‘म्हणे’ या चार शब्दांत पुराव्याच्या चार पायऱ्या आहेत. कागदात असेल तर ‘निवाडपत्रात असं आहे’. दोन पुराव्यांवरून आपण अनुमान काढलं तर ‘असावं’, आणि ते कशावरून, हे पुढच्याच वाक्यात. तोंडी परंपरा असेल तर ‘असं सांगतात’, आणि कोणत्या घरात सांगतात ते. नुसती कानगोष्ट असेल तर ‘म्हणे’. ‘आमचं गाव प्राचीन काळापासून समृद्ध होतं’ हे वाक्य यांतल्या कुठल्याच पायरीवर बसत नाही, म्हणून ते काढून टाकायचं. त्याऐवजी जमाबंदीत किती नांगर नोंदले आहेत ते सांगा, वाचकाला समृद्धी कळेल.

दबाव येईल. “आमचं घराणं अमक्या राजकुळातलं असं लिहा”, “तो खुनाचा निवाडा गाळा”, “त्या वस्तीचं कशाला?” घराण्याचा दावा ‘कुटुंबीय असं सांगतात’ म्हणून नोंदवता येतो, त्यापुढे जाऊ नका. जिवंत माणसांना त्रास होईल अशी अलीकडची प्रकरणं मात्र नावं न घेता लिहा. जुन्या कागदांत काही समाजांबद्दल अपमानकारक शब्द येतात. ते अवतरणात ठेवा, आपल्या निवेदनात उचलू नका.

कच्चा मसुदा तयार झाला की छापखान्यात जाण्याआधी तो पारावर, ग्रामपंचायतीत, महिला बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. लोक चुका काढतील, भांडतीलही. प्रत्येक दुरुस्ती सांगणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह टिपून ठेवा. कुणी म्हणेल, “आमच्याकडेही असलंच एक फडकं आहे.” ते त्याच दिवशी बघायला जा. पुढच्या आठवड्यावर टाकलेली बासनं मी घरदुरुस्तीत जळालेली पाहिली आहेत. पुस्तकाच्या प्रतींसोबत कागदांच्या फोटोंचा आणि लिप्यंतरांचा एक संच गावच्या शाळेत, एक जिल्ह्याच्या ग्रंथालयात आणि एक कागद देणाऱ्या प्रत्येक घरी ठेवा. न लागलेल्या ओळी टिंबांसकट तशाच राहू द्या, म्हणजे पुढे चांगली मोडी येणाऱ्या कुणालाही त्या तिथूनच पुढे लावता येतील.